एक सुई, दोन गाठी

"ताई, मी न्हाई सुई घालून घ्यायची. सुई लागली की गाठ चिघळतीया, मग ती कापल्याबिगर ऱ्हात न्हाई."

आमच्या बचत गटातल्या आक्का जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या बाकावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मानेच्या उजव्या बाजूला तीन महिन्यांपासून गाठ होती. आधी हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी. शेजारणीने सांगितलेला लेप लावून झाला, कुणी मंतरलेला दोरा बांधला. संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, ब्लाउज ढगळ व्हायला लागले, तेव्हा कुठे त्यांच्या सुनेने माझ्या कानावर घातलं. डॉक्टरांनी मान चाचपली आणि चिठ्ठीवर 'एफएनएसी' असं लिहून दिलं. म्हणजे बारीक सुई गाठीत घालून तिथल्या थोड्या पेशी ओढून घ्यायच्या आणि काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या.

मी आक्कांना काय काय सांगितलं! रक्त काढायची सुई असते तेवढीच किंवा त्याहूनही बारीक असते, गाठ कापायची नाही, टाका नाही, भरती व्हायचं नाही. आक्का ऐकून घेत होत्या आणि मान हलवत होत्या. शेवटी आतल्या डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, "आक्का, दहापर्यंत आकडे मोजा. दहाच्या आत झालं नाही तर मला सांगा." आक्का आत गेल्या. मी दाराशी उभी. "सहा... सात..." एवढं ऐकू आलं आणि मग आक्कांचाच आवाज आला, "झालं? येवढंच व्हय?"

परत येताना एस.टी.त मानेवरच्या कापसाच्या बोळ्याला हात लावत त्या म्हणाल्या, "उगीच तीन म्हैनं भिऊन काढलं बघा."

हे झालं बुधवारी. रविवारी दुपारी माझी लेक पुण्याहून आली. ती एम.एस्सी.ला आहे, मायक्रोबायोलॉजी. सोमवारी तिचा सेमिनार होता आणि नेहमीप्रमाणे तालीम माझ्यासमोर. मी बी.ए. मराठी. तिचं म्हणणं असं, की आईला कळलं तर वर्गाला नक्की कळणार. मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याजवळ लॅपटॉप उघडून उभी होती. विषय काय, तर माकडांच्या लसिका ग्रंथींतून बारीक सुईने पेशी काढून रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास कसा करतात!

लाटणं तसंच हातात राहिलं. "अगं, हे तर परवा आक्कांना केलं!"

"तेच आहे, आई. सुई तीच. फक्त आक्कांच्या गाठीत आजार शोधत होते, आणि इथे गाठ निरोगी असते. ती काम कसं करते ते बघायचं असतं."

गाठीला काम असतं, हेच मला नवीन होतं. आपण गाठ म्हटलं की घाबरतो. आमची आजी मात्र घाबरत नसे. लहानपणी पायात काटा मोडून पिकलं, की जांघेत दुखरी गाठ यायची. आजी म्हणायची, "अवधाण आलंय. पाय बरा झाला की जाईल." आणि जायचंच. मानेत गाठींची माळ झाली तर मात्र ती 'गंडमाळा' म्हणायची आणि तिचा चेहरा बदलायचा. डॉक्टरांची भाषा तिला येत नव्हती, पण या दोन गाठींतला फरक तिला कळत होता.

लेकीने समजावलं ते असं. आपल्या अंगात अशा पाच-सहाशे लहान लहान गाठी असतात. मानेत, काखेत, जांघेत, पोटात. बहुतेक घेवड्याच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान. अंगात शिरलेला जंतू किंवा टोचलेली लस जवळच्या गाठीपर्यंत पोचते आणि खरी लढाईची तयारी तिथे होते. दंडावर लस घेतली की काखेतली गाठ कामाला लागते. या गाठीत काही गोल पुंजके तयार होतात. वॉल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली त्यांचं वर्णन केलं आणि त्यांना 'कोंब फुटण्याची जागा' अशा अर्थाचं नाव दिलं. इंग्रजीत त्याचंच 'जर्मिनल सेंटर' झालं.

"तिथे काय होतं?"

"तिथे बी पेशी स्वतःत थोडे थोडे बदल करत वाढतात. जिचं प्रतिपिंड जंतूला जास्त घट्ट चिकटतं ती टिकते, बाकीच्या मरून जातात. कुणाला ठेवायचं ते ठरवायला टी पेशी मदत करतात. मग पुन्हा बदल, पुन्हा निवड."

"म्हणजे सुपात पाखडणं म्हण की. फोल उडून जायचं, दाणा राहायचा."

लेक हसली, पण तिने ते वहीत लिहून घेतलं.

मला प्रश्न पडला तो साधाच. हे बघायला गाठीत कशाला शिरायचं? रक्त तपासून कळत नाही का? ती म्हणाली, "रक्तात येतो तो पाखडून झालेला माल, आई. तो चांगला का आला किंवा वाईट का आला, ते सुपात डोकावल्याशिवाय कसं कळणार?"

आणि डोकावणं हीच मोठी अडचण होती. पूर्वी गाठीतलं काम बघायचं तर शस्त्रक्रिया करून गाठच काढून घ्यावी लागे, नाहीतर प्राण्याला मारून. एक गाठ काढली की एका दिवसाचं चित्र मिळतं. पुढच्या आठवड्यात त्याच गाठीत काय झालं असतं हे कधीच कळत नाही, कारण गाठच उरलेली नसते. मग वेगवेगळे दिवस बघायला वेगवेगळे प्राणी लागणार. एका बाईची गोष्ट ऐकायची आणि रोज नव्या बाईला विचारायचं, असा तो प्रकार.

इथे ती बारीक सुई कामाला आली. ती मुळात माणसांसाठीच वापरात आली होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या मार्टिन आणि एलिस या दोघांनी सुईने गाठीतल्या पेशी काढून कॅन्सरचं निदान करण्याबद्दल १९३० सालीच लिहिलं होतं. मानेतला टीबी, थायरॉईडची गाठ, स्तनातली गाठ यांसाठी आपल्याकडे ही तपासणी आता जिल्ह्याच्या दवाखान्यातही होते. तीच सुई लशीच्या संशोधकांनी ऱ्हीसस माकडांच्या गाठींसाठी उचलली.

पद्धत अशी. लस माकडाच्या मांडीत टोचलेली असते, म्हणून जांघेतली गाठ बघायची. आधी माकडाला भूल देतात. मग बोटांनी गाठ चाचपून २२ गेजची सुई तीन मिलीच्या सिरिंजला लावून आत घालायची, चार-पाच वेळा मागेपुढे करायची आणि जे आलं ते पोषक द्रावात सोडायचं. थेंबभरच येतं, पण त्यातही हजारो पेशी असतात. त्यातल्या किती पाखडण्याच्या कामात आहेत हे यंत्रावर मोजता येतं. गाठ जागच्या जागी राहते आणि तिचं काम चालू राहतं. काही आठवड्यांनी त्याच माकडाच्या त्याच गाठीला पुन्हा विचारता येतं, 'आता काय चाललंय?'

कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या प्रतिकारशास्त्राच्या संस्थेत शेन क्रॉटी यांच्या गटाने २०१६ साली या पद्धतीने केलेलं काम प्रसिद्ध केलं. एचआयव्हीच्या बाहेरच्या आवरणातल्या प्रथिनाची प्रतिकृती लस म्हणून माकडांना दिली होती. सगळ्यांना लस सारखीच, पण काही माकडांत विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं चांगली तयार झाली, तर काहींत जेमतेम. ज्यांच्या गाठीतलं काम जोमात होतं, त्यांचीच प्रतिपिंडं सरस निघाली. म्हणजे अडतं कुठे ते गाठीत दिसलं.

पुढचं मला फार आवडलं. २०१९ साली त्यांनी दाखवलं, की तीच लस एका फटक्यात टोचण्याऐवजी लहानशा पंपाने दोन-चार आठवडे हळूहळू सोडली, तर गाठीतलं काम जास्त चांगलं होतं. आणि २०२२ साली दिसलं, की पहिली लस अशी हळूहळू वाढत्या मात्रेने दिली, तर पुढची मात्रा न देताही गाठीतलं पाखडणं निदान १९१ दिवस चालू राहतं. सहा महिन्यांहून जास्त! तेवढा वेळ दिला की प्रतिपिंडंही सुधारत जातात. मी म्हटलं, लोणचं मुरायला वेळ द्यावा लागतो हे आम्हाला ठाऊक होतं. शास्त्रज्ञांना ते सुईने शोधावं लागलं.

तालीम संपली. लेक म्हणाली, "काही शंका?"

मी विचारलं, "आणि ते माकड?"

"म्हणजे?"

"सहा महिने सुया टोचून झाल्यावर त्याचं काय झालं?"

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "प्रयोगावर अवलंबून असतं, आई. नुसती सुई असेल तर ते जगतं. पण लस खरंच वाचवते का हे बघायला पुढे विषाणू देतात, आणि अशा बऱ्याच प्रयोगांत शेवटी भूल देऊन मारतात. सगळे अवयव तपासायचे असतात." आणि पुढे म्हणाली, "ही माकडं मूळची आपल्याकडची आहेत, माहितेय?"

मला माहीत नव्हतं. आमच्या भागात दिसतात ती डोक्यावर केसांची टोपी असलेली माकडं वेगळी. ऱ्हीसस म्हणजे उत्तरेतली, मथुरा-वृंदावनच्या घाटांवर चष्मे पळवणारी. पोलिओच्या लशीचा विषाणू त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत, म्हणून १९५०च्या दशकात ती भारतातून लाखोंनी परदेशी गेली. १९७८ साली मोरारजी देसाईंच्या सरकारने निर्यात बंद केली. पण तिथे पोचलेल्यांची पिल्लं, त्यांची पिल्लं, असा वंश चालू राहिला. अमेरिकेतल्या केंद्रांत आजही त्यांची नोंद 'भारतीय वंशाची' अशी होते. आपल्यापैकी कुणाचा रक्तगट 'आरएच निगेटिव्ह' असेल आणि बाळंतपणात ते इंजेक्शन घ्यावं लागलं असेल, तर त्या 'आरएच'मध्येही हेच ऱ्हीसस माकड आहे.

लांब कशाला जायचं? २०२१ साली मी कोव्हॅक्सिन घेतली. त्याआधी २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत ती लस वीस ऱ्हीसस माकडांवर अभ्यासली गेली, पाच-पाचांचे चार गट करून. लॉकडाऊनमध्ये ती माकडं नागपूरजवळच्या जंगलातून पकडून आणली होती. माझ्या दंडावर सुई लागली त्याच्या आधी कुणाच्या तरी अंगाला लागली होती, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

हे सगळं ऐकून 'बंद करा हे प्रयोग' असं म्हणणं सोपं आहे. माझ्या तोंडावर ते आलंही होतं. पण मला एक मुलगी आठवली. वीस वर्षांपूर्वी मी महिला मंडळाच्या कामाला लागले, तेव्हा आमच्या भागात एचआयव्हीने घरंच्या घरं पोखरली होती. बावीस वर्षांची ती मुलगी. नवरा ट्रकवर होता, तो गेला आणि जाताना हिला आजार देऊन गेला. सासूने तिचं ताट वेगळं केलं होतं, तांब्या वेगळा केला होता. ती मला म्हणाली होती, "वहिनी, मी तर कुठं बाहेर बी गेली न्हाई." तिला काय उत्तर द्यायचं होतं? सरकारने २००४ पासून फुकट औषधं द्यायला सुरुवात केली, पण ती आमच्या भागात पोचेपर्यंत तिच्यासाठी उशीर झाला होता. आज गोळ्यांवर बायका वीस-वीस वर्षं जगताहेत, मुलांची लग्नं करताहेत. पण लस? विषाणू १९८३ साली सापडला. चाळीस वर्षं उलटून गेली तरी लस नाही. आणि जिला नवऱ्यापाशी हट्ट धरता येत नाही, तिला लशीइतका आधार दुसरा कशाचा?

म्हणून मला त्या मुलीला विसरून माकडाची बाजू घेता येत नाही, आणि माकडाला विसरून मुलीचीही घेता येत नाही. या दोघांच्या मध्ये ती बारीक सुई आहे. तिने प्रश्न सुटत नाही, पण थोडा हलका होतो. रसेल आणि बर्च या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन गोष्टी सांगितल्या. जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरा, आणि जे वापराल त्यांचे हाल कमी करा. सुई यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीत बसते. एकाच माकडाकडून अनेक वेळा माहिती मिळाली, तर माकडं कमी लागतात. गाठ कापावी लागली नाही, तर जखम आणि टाके टळतात. आपल्याकडेही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांना समितीची मंजुरी लागते.

सुईला सगळं जमतं असंही नाही. तिच्यात सुट्या पेशी येतात. गाठीच्या आत कोण कुणाच्या शेजारी बसलंय, रचना कशी आहे, हे हवं असेल तर अजूनही गाठीचा तुकडा किंवा गाठ काढावीच लागते. कधी नेमकं काही हाती लागत नाही आणि पुन्हा टोचावं लागतं. आक्कांच्या डॉक्टरबाईंनीही आधीच सांगितलं होतं, "यात नाही कळलं तर पुढची तपासणी करू."

आणि मग ती सुई माणसाकडे परत आली. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कोविडची फायझरची लस घेतलेल्यांपैकी १४ जणांनी आपल्या काखेतल्या गाठीत सुई घालू दिली, तीही पुन्हा पुन्हा. त्यांना आजार काही नव्हता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की लशीनंतर निदान १२ आठवडे गाठीतलं काम चालू होतं. एचआयव्हीच्या एका नव्या लशीची पहिली चाचणीही अशीच. २०२२ साली तिचे निष्कर्ष आले. लस दिलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत हव्या होत्या त्या बी पेशी जाग्या झाल्या होत्या. ही अजून लस नव्हे, तिच्या जिन्याची पहिली पायरी. पण त्यांच्याही गाठींत सुईनेच डोकावलं होतं.

मैत्रिणींनो, यातली एक गोष्ट आपल्या रोजच्या उपयोगाची आहे. लस घेतल्यावर त्या बाजूच्या काखेत गाठ सुजू शकते. कोविडच्या लशीनंतर अनेकींच्या मॅमोग्राफीत अशा गाठी दिसल्या आणि घबराट झाली. तपासणीला जाताना लस कधी घेतली, कुठल्या दंडावर घेतली, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. पण गाठ आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, वाढत गेली, सोबत ताप आला, वजन घटलं, तर लेप लावत घरी बसू नका. आणि डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली तर ती टाळू नका. सुईने गाठीचा कॅन्सर होत नाही.

आक्कांचा रिपोर्ट आला. टीबीच निघाला. आजीची गंडमाळा ती हीच. फुप्फुसात काही नव्हतं, नुसता मानेतल्या गाठींचा. असा टीबी खोकल्यातून घरात पसरत नाही, हे त्यांच्या सुनेला डॉक्टरांकडूनच वदवून घेतलं, म्हणजे इथे तरी ताट वेगळं व्हायला नको. सहा महिन्यांची औषधं आहेत, फुकट मिळतात. दोन महिने झालेत. ताप गेला, गाठ ओसरायला लागली आहे.

परवा बचत गटाच्या मीटिंगला त्यांना माकडांची गोष्ट सांगितली. तोंडाला हात लावून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "दुखत आसंल की त्यास्नी?"

"भूल देतात, आक्का."

"आँ? माकडाला भूल आन मला न्हाई दिली ती?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. मग म्हटलं, "आक्का, तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात, गप्प बसून आकडे मोजलेत. त्याला कोण विचारणार?"

आक्का थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग हप्त्याचे पैसे माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "तुमच्या लेकीला सांगा, तिच्या हातनं कधी तसलं काम झालं, तर आदी त्याच्या पाठीवरनं हात फिरव म्हणावं. डाक्टरीनबाईंनी माझ्या फिरवला हुता."

मी लेकीला फोन करून सांगितलं. सेमिनार चांगला झाला होता. शेवटची स्लाइड तिने माकडांवर केली होती, असं ती म्हणाली.